पहिली निवड आमची होती

फुटबॉलशी माझा संबंध आला तो पगारपत्रकामुळे. खेळातलं मला काहीही कळत नव्हतं. मी मूळची सांगलीची. नवरा बहारीनला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर होता, त्याच्यामागून मी गेले, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर मीना सलमान बंदरावर जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत कॉस्ट अकाउंटंट म्हणून लागले. ऑफिसात बाई मी एकटीच. खिडकीतून वर्कशॉपचे पत्रे दिसायचे आणि त्यांच्या पलीकडे समुद्र, पण उन्हाळ्यात दमटपणाने काचेवर इतकं पाणी साचायचं की दोन्हीही दिसेनासे व्हायचे.

कंपनीच्या मालकांना सगळे अरबाब म्हणत, म्हणून मीही तेच म्हणायचे. साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ. भारतीयांशी ते हिंदीत बोलत, त्यात मधूनमधून अरबी. एका सप्टेंबरात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि समोरची खुर्ची दाखवली. खुर्ची दाखवली म्हणजे काम लांबणार हे मला एव्हाना कळलेलं होतं.

"टीमचा हिशेब आजपासून तुम्ही बघायचा," ते म्हणाले.

बंदराच्या आसपासच्या सहा कंपन्यांची एक लीग होती. कागदावर खेळाडू फिटर, ड्रायव्हर, स्टोअरकीपर असे काहीही असत, पण वर्कशॉपच्या पगारावर त्यांना खेळण्याचा वेगळा पगार मिळे आणि दुपारनंतर ते मैदानावर असत. पैशाच्या जोरावर एक बांधकाम कंपनी ओळीने जिंकत आली होती. चांगला खेळाडू विमानतळाबाहेर पडायच्या आत तिचा माणूस दारात उभा, असं लोक म्हणत. बाकीचे पाच मालक वैतागले. त्यांतल्या एकाचा मुलगा अमेरिकेत शिकून आला होता. तिकडच्या फुटबॉलमध्ये हे कसं आवरतात ते त्याने सांगितलं आणि त्या वर्षीपासून दोन नियम आले. पहिला, एका टीमने खेळाडूंच्या खेळण्याच्या पगारावर महिन्याला मिळून पंधराशे दिनारच्या वर खर्च करायचा नाही. याला ते कॅप म्हणत. दुसरा, नवीन आलेले सगळे खेळाडू एकत्र मांडायचे आणि प्रत्येक टीमने आपापल्या नंबराने एकेक निवडायचा. गेल्या मोसमात जी टीम तळाला, तिचा नंबर पहिला. हा ड्राफ्ट.

आम्ही तळाला होतो. म्हणून पहिली निवड आमची.

पगाराची चोरवाटही बंद केली होती. पूर्वी बांधकामवाले एखाद्याला कागदावर फोरमन करून वाटेल तेवढा पगार देत. आता खेळाडूचा वर्कशॉपमधला पगार वाढवला तर ती वाढही कॅपमध्ये धरायची. त्या वर्षी सोडलेल्या खेळाडूच्या बाबतीतही तेच.

मी आकडे मांडले. जुन्या खेळाडूंवर आमचे तेराशे दिनार आधीच बांधलेले होते. हातात उरत होते दोनशे.

आमच्या टीमचा कॅप्टन वर्कशॉपमध्ये क्रेनवर फोरमन होता. रत्नागिरीकडचा, दापोलीच्या खालच्या अंगाच्या एका गावाचा. बचावात मधोमध खेळायचा. त्याची मुलगी आणि माझी मुलगी एकाच स्कूलबसमध्ये जात, आणि झिंज भागात आमच्या बिल्डिंगी जवळजवळ होत्या, त्यामुळे घरोबा झाला होता. ऑफिसात तो मला मॅडम म्हणे आणि घरी ताई. त्याच्या बायकोला मी भाभी म्हणायची. तिच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण खाल्लं की माझी मुलगी घरी येऊन मला इंग्रजीत सांगायची, की तू असं का करत नाहीस.

त्या आठवड्यात नव्या खेळाडूंची चाचणी झाली. अरबाबांनी मलाही नेलं. गोदामांच्या मागे वाळूचं मैदान होतं. ऊन उतरलं होतं, पण हवा अशी की श्वास घेतला तरी ओला वाटावा. खुर्च्यांवर सहाही कंपन्यांची माणसं बसलेली. कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं, प्रत्येकाचं लक्ष दुसरा कुणाकडे बघतो आहे याकडे.

घानाहून आलेला एक स्ट्रायकर होता. मला खेळातलं कळत नव्हतं म्हटलं, पण त्याचं कळायला काही यावं लागत नव्हतं. चेंडू त्याच्याकडे आला की बाकीचे सगळे एकदम सावकाश झाल्यासारखे वाटत. त्याने दुसरा गोल मारला तेव्हा अरबाब खुर्चीतून उठले. शेजारच्या मासळीच्या कंपनीच्या मालकाने ते उठणं बघितलं, हे मी बघितलं.

नंतर तो स्ट्रायकर आमच्याकडे येऊन अदबीने उभा राहिला. पगार तीनशे दिनार, त्याखाली नाही. आणि शुक्रवारी सकाळी चर्चला जायला मिळालं पाहिजे; तिथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही शुक्रवारी. बस, एवढंच त्याचं मागणं होतं.

परत येताना गाडीत अरबाब म्हणाले, "हाच. याला आणतो म्हणून माझ्या भावांना मी शब्द देऊन टाकलाय."

"आपल्याकडे दोनशेच आहेत," मी म्हटलं. "आणि गोलकीपरही नाही." आमचा गोलकीपर उन्हाळ्यात कायमचा गावी गेला होता.

"कॅप्टनचे दोनशे आहेत ना," ते म्हणाले. "चौतिशीचा झाला. गुडघा बघितलात त्याचा? त्याला टीममधून काढा. चारशे होतात. तीनशे याचे, शंभर कुठल्याही गोलकीपरचे. खलास."

हिशेब चोख होता. त्यात मला कुठेही बोट ठेवता येईना.

पण पगाराचे दाखले मीच तयार करत असे, त्यामुळे एक गोष्ट मला ठाऊक होती. बायकामुलांना तिथे ठेवायचं तर नवऱ्याचा पगार ठरावीक आकड्याच्या वर लागायचा. कॅप्टनचा वर्कशॉपचा पगार त्या आकड्याच्या खाली होता. खेळाचे दोनशे धरले तरच तो वर जात होता. हिवाळ्यात त्याच्या घरच्यांचा व्हिसा नव्याने करायचा होता. टीममधून काढला तर त्याची नोकरी राहणार होती, क्रेन राहणार होती, पण भाभी आणि मुलगी परत गावी. वर्कशॉपमध्ये पगार वाढवून द्यावा तर ती वाढ कॅपमध्ये. मी सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं. नियम करणाऱ्यांनी एकही फट ठेवली नव्हती, आणि ज्या लबाडीसाठी त्यांनी फट बुजवली होती तिचा या माणसाशी काही संबंध नव्हता.

ड्राफ्ट गुरुवारी दुपारी होता. बुधवारी संध्याकाळी मी कॅप्टनच्या घरी गेले. अरबाबांनी सांगितलं नव्हतं, पण सांगू नका असंही म्हटलं नव्हतं. भाभी आत होती. आमच्या दोघांच्या मुली आतल्या खोलीत टीव्ही बघत होत्या, त्याचा आवाज येत होता. मी हळू आवाजात त्याला सगळं सांगितलं.

तो गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अरबाब बरोबर सांगतात," तो म्हणाला. "त्या पोराला मी चाचणीत अडवायला गेलो. तीनदा गेलो. तीनदा नुसती वाळू मिळाली. त्याला घ्या ताई."

"आणि इथलं?"

"इथलं मी बघून घेईन. मला काढा नि त्याला घ्या. मी टीमचा कॅप्टन हाय, माझ्या घरासाठी टीम तळाला ठेवू काय मी?"

आतून भाभी बाहेर आली. तिने ऐकलं होतं. हातातला चहा तिने माझ्यासमोर ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता मला म्हणाली, "ताई, तो टीमचा कॅप्टन हाय ते खरं. पण मला कुणी इचारलं नाय. पोरीला आता कुठे इथली शाळा मानवली. गावी पाठवायचं तर पाठवा, मी जाईन. पण हा काय तो निर्णय एकट्याने घेतो, ते मला पटत नाय."

"तू आत जा," तो म्हणाला.

"नाय जात," ती म्हणाली आणि तिथेच बसली.

मला उठावं की बसावं कळेना. चहा संपवणं भाग होतं. थोड्या वेळाने, विषय बदलावा म्हणून असेल, तो म्हणाला, "गोलकीपर मात्र बघून घ्या. ड्राफ्टमध्ये जे दोघं हायत ते काय कामाचे नायत. खरा गोली बांधकामवाल्यांच्या बाकावर बसलाय. तो गोवेकर. त्यांच्याकडे पहिला गोली जोरदार, म्हणून याला उतरवतच नायत. शंभर दिनारवर सडतोय तिकडे."

घरी चालत येताना मी त्याच वाक्यावर होते. गेल्या मोसमाचे निकाल माझ्याकडे होते. आम्ही गोल बऱ्यापैकी केले होते. खाल्ले मात्र सगळ्यांपेक्षा जास्त. मग एक स्ट्रायकर येऊन आम्ही वर येणार होतो का? आणि दुसरी गोष्ट. आमच्याकडे पहिली निवड होती. तिची किंमत आम्ही त्या मुलाच्या पगाराने मोजत होतो. पण ज्याला तो मुलगा हवाच आहे, त्याच्या लेखी तिची किंमत काय?

गुरुवारी सकाळी मी बांधकाम कंपनीच्या मॅनेजरला फोन केला. तो पार्ल्यात वाढलेला, माझ्याशी मराठीत बोलायचा. मी सरळ विचारलं. आमचा पहिला नंबर तुम्ही घ्या. त्याच्या बदल्यात तुमचा शेवटचा, म्हणजे सहावा नंबर आम्हाला, आणि तुमचा गोवेकर गोलकीपर.

तो हसला. "म्हणजे तुमच्याकडे स्ट्रायकरला पैसे नाहीत."

"कॅप्टनला सोडला तर आहेत."

"मग सोडा की."

"तुम्ही विचार करून सांगा," मी म्हटलं आणि फोन ठेवला. आपण कुणाच्या परवानगीने हे बोललो, हे फोन ठेवल्यावर सुचलं.

दुपारी अरबाबांच्या गाडीतून आम्ही मनाम्याला निघालो. गाडी ते स्वतः चालवत. मी त्यांना फोनचं सांगितलं, निकालांचं सांगितलं आणि व्हिसाचंही. ते रस्त्याकडे बघत राहिले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "हे तुम्ही त्याच्या बायकोसाठी करताय?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "अर्धं त्यासाठी."

"आणि उरलेलं?"

"गेल्या वर्षी आपण गोल मारले नाहीत म्हणून हरलो नाही. खाल्ले म्हणून हरलो."

"त्यांनी हो म्हटलंय?"

"अजून काहीच म्हटलेलं नाही."

सिग्नल सुटला आणि त्यांनी गाडी पुढे काढली. मी मनात राजीनाम्याचा मजकूरही जुळवून ठेवला.

एका हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर हॉल घेतला होता. पुढे सहा टेबलं, मागे खुर्च्यांच्या रांगा, तिथे खेळाडू बसलेले. कॅप्टन शेवटच्या रांगेत होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याने मला बघितलं आणि मान हलवली, म्हणजे ठरल्याप्रमाणे करा. घानाचा स्ट्रायकर भिंतीशी उभा होता. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे त्याला माहीत होतं आणि त्यामुळे तो कुणाकडेच बघत नव्हता.

अध्यक्ष म्हणून एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी पद्धत सांगितली. आधी प्रत्येक मालकाने, ज्यांना सोडायचं त्यांची नावं उठून सांगायची. त्यानंतर कुणालाही सोडता येणार नाही. मग निवडी. नंबरांची किंवा खेळाडूंची अदलाबदल करायची असेल तर ती घंटा वाजायच्या आत दोन्ही मालकांनी मोठ्याने कबूल करायची.

मी बांधकामवाल्यांच्या टेबलाकडे बघितलं. पार्ल्याचा मॅनेजर मालकाच्या कानाशी लागला होता. त्याने माझ्याकडे बघून खांदे उडवले.

नावं सांगायला सुरुवात झाली. मासळीवाल्यांनी दोघांना सोडलं. मागच्या रांगेतला एक माणूस नाव ऐकताच उठला आणि बाहेर निघून गेला. दुसरा बसून राहिला. बांधकामवाल्यांनी तिघांना सोडलं, म्हणजे त्यांच्याकडे स्ट्रायकरपुरते पैसे मोकळे झाले. मग अध्यक्षांनी आमचं नाव घेतलं.

अरबाब उठले. त्यांनी थोबाची, म्हणजे अंगातल्या पायघोळ पांढऱ्या झग्याची, कॉलर नीट केली. मागे वळून त्यांनी एकदा रांगांकडे बघितलं. ते बघणं मला फार लांब वाटलं. कॅप्टन त्या नजरेला नजर देऊन ताठ बसला होता. मी टेबलाखाली रुमाल पिळत होते.

"मफी," अरबाब म्हणाले. कुणी नाही.

हॉलमध्ये कुजबुज झाली. त्या एका शब्दाने सगळ्यांना कळलं, की स्ट्रायकर आता आमच्या हिशेबात बसत नाही. अरबाब बसले आणि माझ्याकडे न बघता हळू म्हणाले, "माझ्या भावांना मी दिलेला शब्द गेला. आता तुम्ही रिकाम्या हाताने उठायचं नाही."

पार्ल्याचा मॅनेजर आमच्या टेबलाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर आता घाई नव्हती.

"आता तर तुमच्याकडे पैसेच नाहीत," तो म्हणाला. "पहिला नंबर तुमच्या काय कामाचा? सहावा नंबर देतो आम्ही. गोलकीपर विसरा."

मी अरबाबांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. म्हणजे उत्तर मीच द्यायचं.

"आमच्या कामाचा नाही, बरोबर," मी म्हटलं. "आम्ही पहिल्या नंबरावर कुणीतरी शंभर दिनारचा माणूस घेऊ. मग दुसरा नंबर मासळीवाल्यांचा. त्यांनी आत्ताच दोघांना सोडलं. कशासाठी सोडलं असेल?"

त्याने मासळीवाल्यांच्या टेबलाकडे बघितलं. ते लोक स्ट्रायकरकडेच बघत होते, लपवतही नव्हते.

"ताई, तुम्ही ताणताय," तो म्हणाला.

"गोवेकर तुमच्या बाकावर बसलाय. त्याचे शंभर दिनार तुमच्या कॅपमध्ये फुकट धरले जातात. तो आमच्याकडे आला तर तुमचे शंभर सुटतात. मी तुम्हाला काही मागत नाहीये, तुमचं ओझंच उचलतेय."

तो परत गेला. अध्यक्षांनी पहिली निवड पुकारली आणि मनगटावरचं घड्याळ समोर ठेवलं. आम्हाला दिलेली मुदत फार थोडी होती. बांधकामवाल्यांच्या मालकाने मॅनेजरचं ऐकलं आणि मान हलवली. ती नकाराची होती की नुसती, कळलं नाही. मी स्वतःला सांगत होते, आपण बोलायचं नाही. आता बोललो तर गेलं. आयुष्यात गप्प बसणं मला इतकं जड कधी गेलं नव्हतं. अध्यक्षांचा हात घंटेकडे गेला. अरबाबांनी घसा खाकरला, बहुतेक आमच्या शंभर दिनारच्या माणसाचं नाव घ्यायला, आणि तेवढ्यात पलीकडचा मालक उभा राहिला.

"अदलाबदल," तो म्हणाला. "आमचा सहावा नंबर आणि गोलकीपर. त्यांचा पहिला."

अरबाब उठले आणि म्हणाले, "कबूल."

घंटा वाजली. स्ट्रायकर बांधकामवाल्यांचा झाला आणि त्यांच्या टेबलावर हात मिळवणं सुरू झालं. सहाव्या नंबरावर आम्ही नेपाळहून आलेला डाव्या अंगाने खेळणारा एक माणूस घेतला, शंभर दिनारचा. हिशेब पंधराशेला बरोबर टेकला. कॅप्टन मात्र जिन्यात मला गाठून रागाने म्हणाला, "मी काय सांगितलं होतं तुमाला?" आणि माझं उत्तर न ऐकता खाली उतरला. त्याला आनंद होईल असं मी धरून चालले होते. झाला असेलही. पण भर हॉलमध्ये आपल्यावर दया झाली, असं त्याला वाटलं होतं, आणि ते पुढे बरेच दिवस गेलं नाही.

पहिलाच सामना बांधकामवाल्यांशी लागला. घानाच्या मुलाने आम्हाला तीन गोल मारले. अरबाबांचे दोन्ही भाऊ बघायला आले होते. सामना संपल्यावर अरबाब माझ्या शेजारून गेले आणि ओळख दिली नाही. त्यानंतरचे काही आठवडे ते ऑफिसात माझ्याशी शिपायामार्फत बोलत. घरी नवरा म्हणायचा, की तू अकाउंटंट आहेस, खेळाडू विकत घ्यायला तुला कुणी सांगितलं होतं. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून जास्त लागायचं.

मग गोवेकराने हळूहळू आम्हाला सावरलं. तो बोलायचा नाही, ओरडायचा नाही, फक्त चेंडू जिथे येणार तिथे आधीच असायचा. आमचं हरणं थांबलं. बरोबरी, बरोबरी, मग एक विजय. त्या विजयानंतर अरबाब माझ्या टेबलाशी थांबले, म्हणाले, "खाल्ले म्हणून हरलो, तुम्ही म्हणाला होतात," आणि पुढे गेले.

पण कॅप्टनचा गुडघा नेमका मोसमाच्या मध्यावर गेला. शुक्रवारची संध्याकाळ होती. कुणी धक्काही दिला नव्हता. तो वळला आणि खाली बसला, इतकंच. डॉक्टर म्हणाले, खेळणं संपलं. त्याचे दोनशे दिनार मोसम संपेपर्यंत आमच्या कॅपमध्ये तसेच राहिले. त्याच्या जागी कुणाला घ्यायला पैसे नव्हते, म्हणून एक अठरा-वीसचा नवखा वेल्डर तिथे उभा केला. आम्ही शेवटी चौथे आलो. लीग बांधकामवाल्यांनीच जिंकली. अरबाब बरोबर होते की मी, हे त्या मोसमाने ठरवून दिलं नाही. व्हिसा मात्र नवा झाला, त्या दाखल्यावर सही माझ्यासमोर झाली.

भाभीने त्या दिवशी डबा पाठवला. आत निरोप वगैरे काही नव्हता. कालवण होतं.

पुढच्या सप्टेंबरात अरबाबांनी कॅप्टनला टीमचा कोच केलं. कोचचा पगार कॅपमध्ये धरायचा नाही असं त्या वर्षी नव्याने ठरलं होतं, त्यामुळे त्याच्या घरचा प्रश्न निदान त्या वर्षी उरला नाही. ड्राफ्टला आम्ही तिघं गेलो. तोच हॉल, तीच टेबलं. गाडीत मी विचारलं, "कुणाला सोडायचं ठरलंय?"

"दोघांना," तो म्हणाला. "त्या वेल्डरला. नि नेपाळवाल्याला. त्याचे शंभर नि माझे दोनशे मिळून बचावात एक खरा माणूस येतो."

नेपाळवाला बरा खेळला होता. त्याने नुकतंच बायकोला आणायचं ठरवलं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "त्याला ठेवता येईल. मी आकडे बसवून बघते."

"बसवू नका," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "ताई, गेल्या वर्षी तुमी जे केलं ते केलं. माझी पोरगी शाळेत हाय, मी विसरणार नाय. पण मला तेव्हाच कळलं होतं, मी अर्धा मोसमही टिकणार नाय. म्हणून तुमाला मला काढा सांगितलं होतं. टीम अशी चालत नाय."

अरबाब आरशातून त्याच्याकडे बघत होते.

हॉलमध्ये आमचं नाव पुकारलं तेव्हा अरबाबांनी कॅप्टनला उठायला सांगितलं. तो उठला, दुखऱ्या पायावर भार न देता. दोन्ही नावं त्याने स्पष्ट घेतली, मागच्या रांगेत ऐकू जातील अशी. मग टेबलाशी परत बसला नाही. लंगडत मागे गेला आणि नेपाळवाल्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. पहिली निवड झाली, दुसरी झाली, आमचा नंबर आला, नाव मला घ्यावं लागलं. मी वळून बघितलं. नेपाळवाल्याने मान खाली घातली होती आणि कॅप्टनने आपला हात त्याच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता.